'बिल मी देते' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

पत्र: नमस्कार. आमच्या टीममधले निम्मे लोक दुसऱ्या देशांतले आहेत, त्यामुळे कामाची भाषा इंग्रजी. मध्यंतरी त्यांच्यापैकी काही जण प्रत्यक्ष भेटायला आले आणि आम्ही सगळे एकत्र जेवायला गेलो. आज बिल आपण द्यावं असं मनात होतं, म्हणून मी म्हटलं, 'आय विल पिक द टॅब.' समोरच्या सहकाऱ्याने गोंधळून टेबलावरचा, ऑर्डर देण्यासाठी ठेवलेला टॅबलेट माझ्याकडे सरकवला. कुणीतरी हसलं. तोवर दुसऱ्याने बिल देऊनही टाकलं. पुढे एका मेलमध्ये मी पाहुण्यांना लिहिलं, 'यू हॅव टु फुट द बिल फॉर द हॉटेल.' त्यावर मॅनेजरने बाजूला घेऊन 'जरा सौम्य लिहीत जा' असं सांगितलं. अर्थ तर बरोबर होता ना? तेव्हापासून बिल आलं की मी गप्प बसते, दुसरे पैसे देतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं. असे वाक्प्रचार वापरूच नयेत का? साधं 'आय विल पे' म्हणावं का? आणखी एक. त्यांच्यातलाच एक जण मला 'लेट्स ग्रॅब लंच' म्हणाला आणि तिथे गेल्यावर स्वतःपुरते पैसे देऊन मोकळा झाला. मग बोलावलं कशाला?
– एक वाचक

उत्तर:

आधी त्या टॅबलेटचं बघू, कारण तुमच्या मनात तीच गोष्ट सलते आहे. त्या सहकाऱ्याने तुमची थट्टा केली नाही. त्याच्या कानांवर जे पडलं तेच त्याने केलं. तुमच्या वाक्यातून 'अप' गळला होता. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं किंवा खुडणं. 'पिक अप' म्हणजे उचलणं. 'अप' नाही आणि समोर खरोखरचा टॅब पडलेला, तेव्हा त्या बिचाऱ्याने दुसरा काय अर्थ लावायचा? तुमची चूक दोन अक्षरांची होती. तेवढ्यासाठी बिल आल्यावर मान खाली घालून बसायची काही गरज नाही.

या वाक्प्रचारातला 'टॅब' म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावावर मांडत गेलेला हिशेब. आपण 'माझ्या नावावर मांडून ठेवा' म्हणतो, तेच इंग्रजीत 'पुट इट ऑन माय टॅब'. बैठक संपली की तो हिशेब टेबलावर येतो आणि तो कागद जो उचलतो तो पैसे देतो, म्हणून 'पिक अप द टॅब'. वापर मूळचा अमेरिकन, आता इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्यांना कळतो. ब्रिटिश माणूस बहुधा 'पिक अप द बिल' म्हणेल. त्याच कागदाला अमेरिकेत 'चेक' म्हणतात, हेही ध्यानात असू द्या. तिथे कुणी वेटरकडे 'चेक' मागितला तर तो बँकेचा नव्हे. आणि 'कीप टॅब्स ऑन' हा निराळाच प्रकार, त्याचा अर्थ एखाद्यावर नजर ठेवणं. तो चुकून पैशांच्या बोलण्यात आणू नका.

पण खरं सांगायचं तर 'अप' जागेवर असता तरी मी तुम्हाला त्या टेबलावर दुसरं काही बोलायला सुचवलं असतं. 'आय विल पिक अप द टॅब' हे चुकीचं नाही, लोक म्हणतातही. तरी हा वाक्प्रचार सगळ्यांत सहज बसतो तो दुसऱ्याबद्दल सांगताना. 'शी पिक्ड अप द टॅब' म्हणजे सगळ्यांचं बिल तिने दिलं. 'द कंपनी पिक्स अप द टॅब फॉर ट्रॅव्हल' म्हणजे प्रवासाचा खर्च कंपनीचा. इंग्रजी वर्तमानपत्रांत तर तो सारखा भेटतो: एखाद्या योजनेचा खर्च शेवटी करदात्यांवर पडला की 'टॅक्सपेअर्स विल पिक अप द टॅब' असं लिहितात. स्वतःबद्दल, तेही मागाहून, 'आय पिक्ड अप द टॅब फॉर एव्हरीवन' म्हटलं की त्यात थोडी फुशारकी डोकावते. आपण केलेला खर्च आपणच चारचौघांत मोजून दाखवला की मराठीतही तो वास येतोच.

टेबलावर, बिल समोर असताना, लोक फार छोटं बोलतात. 'आय विल गेट धिस.' 'आय हॅव गॉट धिस.' 'इट्स ऑन मी.' 'माय ट्रीट.' बस्स. यातलं कुठलंही एक उचला आणि तेच वापरत राहा. चार पाठ करायला गेलात तर ऐन वेळी चारही अडखळतील. मी तुमच्या जागी असते तर 'धिस वन्स ऑन मी' निवडलं असतं. बोलायला सोपं आहे. शिवाय 'वन' म्हटल्यामुळे ही खेप माझी, पुढची बघू, असा मोकळेपणा त्यात राहतो आणि समोरच्याला ओझं वाटत नाही. म्हणताना जोर 'मी'वर द्या, 'ऑन'वर नको. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. 'ऑन'वर जोर पडला की अंगावर काहीतरी सांडलंय असं ऐकू येतं.

'आय विल पे'बद्दल विचारलंत. ते बिलकुल चूक नाही आणि उद्धटही नाही. काहीच सुचलं नाही तर खुशाल तेच म्हणा. फक्त 'आय विल पे फॉर यू' टाळा. त्यात तुला परवडणार नाही म्हणून मी देते असा सूर लागू शकतो. आणि 'यू विल पे फॉर धिस' तर चुकूनही नको, ती सरळ धमकी आहे. याची किंमत मोजावी लागेल तुला, असा तिचा अर्थ. पुढच्या वेळी तुम्ही द्या, हे गोडीत सांगायचं असेल तर 'यू कॅन गेट द नेक्स्ट वन' म्हणा.

आपल्याकडे आणखी एक वाक्य सर्रास ऐकू येतं: 'टुडेज लंच इज फ्रॉम माय साइड.' 'आज माझ्याकडून' हे मनात आधी येतं आणि त्याचंच हे रूप होतं. आपापसांत बोलताना त्याने काही अडत नाही, सगळ्यांना कळतं. पण तुमच्या टीममधल्या बाहेरच्या लोकांना 'माय साइड' म्हणजे टेबलाची तुमची बाजू की वादातली तुमची बाजू, असा क्षणभर प्रश्न पडेल. तिथे 'लंच इज ऑन मी' म्हणा. 'आय विल गिव्ह ट्रीट'चंही तसंच. 'माय ट्रीट' एवढं पुरतं.

आता तुमचा मेल. मॅनेजरचं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि तुमचंही पूर्ण चूक नव्हतं. 'फुट द बिल' म्हणजे बिल भरणं, हा शब्दकोशातला अर्थ तुम्ही अचूक पकडलात. जुन्या हिशेबात रकमांची बेरीज करून एकूण आकडा कागदाच्या तळाशी, त्याच्या पायाशी, लिहायचे. त्यावरून 'फुट' म्हणजे बेरीज मांडणं, आणि पुढे १९व्या शतकात तो शब्द ती रक्कम भरण्यासाठी रुळला. पण वापरात या शब्दाला एक चव चढली आहे. बहुतेक वेळा 'फुट द बिल' तिथे येतं जिथे खर्च मोठा असतो, किंवा नको असताना गळ्यात पडलेला असतो. शेजाऱ्याची भिंत पडली आणि दुरुस्ती आपल्याला करावी लागली, तिथे 'वी हॅड टु फुट द बिल'. आपला 'भुर्दंड' हा शब्द आठवा. भुर्दंड भरणं आणि पैसे देणं यांत जे अंतर, साधारण तेच इथे आहे. त्याच्या आधी तुम्ही 'यू हॅव टु' लावलंत. म्हणजे पाहुण्यांनी वाचलं ते असं: हॉटेलचा भुर्दंड तुम्हालाच सोसायचा आहे. तुमच्या मनात यातलं काहीही नव्हतं, हे मला पत्रावरूनच दिसतं. पण मेलमध्ये चेहरा दिसत नाही, सूर शब्दांतूनच काढावा लागतो.

ऑफिसच्या पत्रव्यवहारात पैशांबद्दल लिहायचं असेल तर 'कव्हर' हे क्रियापद हाताशी ठेवा. तो सगळ्यांत निरुपद्रवी शब्द आहे. 'वी विल कव्हर युअर ट्रॅव्हल अँड मील्स. हॉटेल इज नॉट कव्हर्ड.' आधी काय देतोय ते, मग काय देत नाही ते, आणि दुसऱ्या वाक्यात 'यू' आणलाच नाही. नियम कळला आणि कुणाकडे बोटही गेलं नाही. करारात किंवा अधिकृत सूचनेत 'पिक अप द टॅब'सुद्धा नको, तिथे तो फार सैल वाटतो. 'एक्सपेन्सेस विल बी बोर्न बाय द कंपनी' असं लिहिण्याची पद्धत आहे. तुमच्या मेलसाठी मात्र ते जड होईल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो 'लेट्स ग्रॅब लंच'चा प्रश्न, कारण इथे गोंधळ शब्दांचा कमी आणि अपेक्षेचा जास्त होता. जेवायला बोलावणारा तोच यजमान, असं तुम्ही गृहीत धरलंत. पण 'लेट्स'ने सुरू होणारं वाक्य हे आमंत्रण कमी आणि प्रस्ताव जास्त असतो: चल, जाऊ या. 'ग्रॅब'ने तर ते आणखी हलकं होतं, घाईघाईत काहीतरी खाऊन येऊ असं. पैसे कोण देणार याबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि काही ठरलं नसलं की ज्याने त्याने आपले द्यावेत हेच धरून चालतात. 'वुड यू लाइक टु जॉइन अस फॉर लंच?' हेही तसंच, आम्ही चाललोय, तुम्हीही या. उलट 'लेट मी टेक यू टु लंच', 'आय वुड लाइक टु टेक यू आउट', 'कॅन आय बाय यू अ कॉफी?' ही वाक्यं आली की खर्च बोलणाऱ्याने अंगावर घेतला. 'टेक यू' आणि 'बाय यू' या शब्दांतच ते आलं. त्या माणसाने तुम्हाला फसवलं नाही की कंजूषपणाही केला नाही. त्याला तुमच्याशी बोलत जेवायचं होतं, एवढंच. तुम्ही त्याच्यावर जो किंचित राग धरला आहे तो सोडून द्यावात असं मला मनापासून वाटतं.

हेच उलट बाजूनेही लागू पडतं. तुम्हाला खरंच कुणाला जेवू घालायचं असेल तर ते बिल येईपर्यंत पोटात ठेवू नका. जायचं ठरतानाच सांगा: 'लेट मी टेक यू ऑल टु लंच टुमॉरो, माय ट्रीट.' याने २ गोष्टी होतात. ऐन वेळची झटापट टळते, आणि ज्यांना दुसऱ्याकडून असं काही घेता येत नाही त्यांना आधीच सांगायला वाव मिळतो. कित्येक कंपन्यांमध्ये आणि सरकारी खात्यांमध्ये बाहेरच्या माणसाकडून भेटवस्तू किंवा जेवण घेण्यावर लेखी नियम असतात. अशा वेळी समोरचा म्हणेल, 'थँक यू, बट आय हॅव टु पे फॉर माय ओन.' ते तुम्हाला नाकारणं नव्हे. 'ऑफ कोर्स' म्हणा आणि विषय तिथेच सोडा.

आणि मर्यादा सांगायला लाजू नका. ८ जणांच्या टेबलावर 'इट्स ऑन मी' म्हटलं तर ८ जणांचं सगळं तुमच्यावर आलं, मग मागून काय काय मागवलं गेलं ते तुम्ही मोजू शकत नाही. तुमच्या मनात फक्त कॉफी असेल तर 'कॉफीज ऑन मी' म्हणा. एकाच माणसाचं द्यायचं असेल तर हळूच 'लेट मी गेट युअर्स'. या वाक्यांत वस्तूचं किंवा माणसाचं नाव आलं की शब्द तेवढ्यापुरताच बांधला जातो. 'ऑन मी' हे एकदा सगळ्यांसमोर बोललं की मागे घेता येत नाही. म्हणून खिशाला झेपेल तेवढंच बोलावं, आणि यात कमीपणा मुळीच नाही. सगळ्यांनी मिळून द्यायचं असेल तर 'लेट्स स्प्लिट इट' किंवा 'लेट्स ऑल चिप इन'. 'चिप इन' बहुधा पत्त्यांच्या डावातून आलं आहे, पोकरमध्ये प्रत्येक जण आपली चकती मध्ये टाकतो त्यावरून. म्हणजे आपली कॉन्ट्री.

टीटीएमएम, तुझं तू माझं मी, यासाठी 'गो डच' तुमच्या कानावर आलं असेल. अर्थ बरोबर आहे, पण मी ते वापरत नाही, आणि तुम्हीही तुमच्या टीममध्ये वापरू नये असं सुचवेन. १६५२ ते १६७४ या काळात इंग्रज आणि डच यांच्यात समुद्रावरच्या व्यापारावरून ३ युद्धं झाली, आणि त्या वैरातून इंग्रजीत 'डच' जोडून हिणवायची खोड पडली. 'गो डच' पुष्कळ नंतरचं आहे, १९व्या शतकातल्या अमेरिकेतल्या 'डच ट्रीट'वरून निघालेलं. पण ज्या मेजवानीत ज्याचे त्याने पैसे द्यायचे तिला डच म्हणायचं, या बोलण्यात तोच चिमटा आहे. आज बहुतेक लोक ते सहज बोलून जातात, कुणाला दुखवायचं नसतं. तरी टेबलावर एखादा नेदरलँड्सचा माणूस असेल तर त्याने हे का ऐकून घ्यावं? 'स्प्लिट द बिल' म्हटल्याने काही अडत नाही.

एका ठिकाणी मात्र कान टवकारून ठेवा. 'इट्स ऑन मी' आणि 'दॅट्स ऑन मी' यांत फारसा फरक दिसत नाही, पण कामाच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकन सहकाऱ्यांच्या तोंडी, 'दॅट्स ऑन मी' म्हणजे ती चूक माझी. मीटिंगमध्ये एखादं काम राहून गेल्याचं कुणी सांगत असेल आणि शेवटी 'दॅट्स ऑन मी' म्हणाला, तर तो कसलंही बिल देत नाहीये, जबाबदारी घेतोय. तसंच 'आय हॅव गॉट धिस' हे कामाबद्दल असेल तर 'हे मी बघते, काळजी नको' असा अर्थ. प्रसंग बघितला की उलगडतं, घाबरायचं कारण नाही. 'ऑन द हाउस' ऐकलंत तर आनंद माना. ते जिथे बसला आहात त्यांच्याकडून फुकट असतं. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा कुणी 'माय शाउट' म्हणाला तर तो ओरडणार नाहीये, पैसे देणार आहे.

'असे वाक्प्रचार वापरूच नयेत का?' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: वापरा, पण आधी ऐका. पुढच्या २-३ वेळा बिल आलं की तुमचे सहकारी नेमकं काय म्हणतात, कोणत्या सुरात म्हणतात, ते नीट ऐका. तुमच्या टीमची म्हणून एक बोली असेल, तीच उचला. पुस्तकातून शिकलेला वाक्प्रचार अर्थासकट येतो, पण कुणी कुणाला कधी म्हणायचा हे त्याच्यासोबत येत नाही, ते माणसांच्या तोंडूनच कळतं. तुमचे २ अडखळलेले प्रसंग याच जागी घडले.

आणि गप्प बसण्याबद्दल. दुसरा पैसे देत असताना तुम्ही ओशाळून गप्प बसता, तेव्हा त्याला तुमचं ओशाळणं दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की ही काही बोलली नाही. तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी एकदा 'आर यू शुअर?' विचारा. तो हो म्हणाला की पुन्हा आग्रह नको, हात धरून ओढाओढ तर नकोच. 'थँक यू, दॅट वॉज काइंड ऑफ यू' म्हणा. ही वाक्यं तुम्हाला आजही येतात.

त्या दिवशी ज्याने बिल दिलं त्याला अजून तुम्ही काही म्हटलं नसेल, तर आज एक ओळ पाठवा. उशीर झालेला नाही. 'थँक्स अगेन फॉर लंच द अदर डे. नेक्स्ट वन्स ऑन मी.' तुम्हाला त्या टेबलावर जे म्हणायचं होतं ते यात पूर्ण आलं. आणि पुढची वेळ आली की जायचं ठरत असतानाच त्याला आठवण करून द्या.